रोमच्या वेशीवरचा गहू

पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जायची, यावर गावात तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा निकाल लागला नाही, फक्त चहा संपला.

हा मान पिढ्यान्‌पिढ्या पाटलांच्या घरचा. पण औंदा पाटलांच्या पोरानं बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि ट्रॅक्टरलाच बाशिंग बांधून पुढं आणतो म्हणाला. गाव म्हणालं, ट्रॅक्टर पुरणपोळी खात असेल तर आण. त्यानं बाशिंग परत ठेवलं. मान रिकामा पडला. रिकाम्या खुर्चीवर माशीसुद्धा बसते, मग माणसं कशी मागं राहतील? उकंडराव उठला, आणि तो उठला म्हणून चंपतरावही उठला.

उकंडराव सत्तरी ओलांडलेला. मालेगावच्या रस्त्याला लागून साडेतीन एकर वावर, आणि गोठ्यात कबऱ्या आणि सरदार ही जोडी. सरदार अजून धडधाकट होता. कबऱ्याचे मात्र दात झिजले होते; कुटार चघळता चघळता मध्येच थांबायचा आणि आपण काय करत होतो ते आठवत उभा राहायचा. पुढच्या पोळ्याला तो पायावर असेल याची खात्री नव्हती. तेरा वर्षं त्यानं उकंडरावचं वावर वखरलं, पेरलं, आणि तेरा वर्षं पोळ्याच्या रांगेत पाटलांच्या बैलांचं शेपूट पाहिलं. एकदा तरी त्याच्यापुढं कोणाचं शेपूट नसावं, एवढंच उकंडरावच्या मनात होतं. हे तो कोणाला बोलला नव्हता. बायको कस्तुराबाईला न बोलता माहीत होतं.

चंपतरावची जोडी नवीकोरी, पांढरीशुभ्र, शिंगं आरशासारखी. तिसऱ्या बैठकीत तो म्हणाला, "मानाची जोडी पाह्याले तरी बरी पाह्यजे. उकंड्याचा कबऱ्या तोरणापाशी पोचते तोवर रब्बीची पेरणी होईन."

"तुह्ये बैल तुह्यावरच गेले," उकंडराव म्हणाला. "वरून पांढरे, अन् कामाले पाय ओढते."

सरपंच रूपाताईंनी चिठ्ठ्या टाकायचं सुचवलं. चंपतराव ताडकन उभा राहिला.

"चिठ्ठी? म्या चाळीस हजार फौज चालवली हाये. दोन बैलं चालवाले मले चिठ्ठी लागते काय?"

सभेतली माणसं बोटं मोजायला लागली. चंपतरावनं आजवर चालवलेली सगळ्यात मोठी फौज म्हणजे मागच्या निवडणुकीतले अकरा मतदार, आणि त्यातलेही सहा फुटले होते.

मग उलगडा झाला. चंपतरावचा पुतण्या पवन याचं मालेगावात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. काका फॉर्म भरायला गेला की सर्व्हर बंद असायचा, आणि काका रिकामा बसला की दुकानातल्या गिऱ्हाइकांना शेतीचे सल्ले द्यायचा. गिऱ्हाइकं पळायला लागली म्हणून पवननं त्याला एका कॉम्प्युटरपुढं बसवून लढाईचा खेळ लावून दिला. जुन्या काळची राज्यं, त्यांच्या फौजा, त्यांची धान्याची कोठारं. महिनाभरात चंपतरावनं दोनदा जग जिंकलं होतं. फॉर्म अजून भरला गेला नव्हता.

"तो खेळ मायी नात बी खेळते," उकंडराव म्हणाला. "लेकरायचा खेळ तो."

"मंग ये ना खेळाले!"

"येतो ना! अन् जो जितला त्याची जोडी पुढं!"

बोलून गेल्यावर उकंडरावच्या लक्षात आलं की आपल्याला माउस कुठून धरतात तेही माहीत नाही. पण तोवर रूपाताईंनी ठराव लिहून टाकला होता. चौथ्या बैठकीचा चहा वाचला याचाच त्यांना आनंद होता.

नात निकिता पुण्यात नोकरीला. महिनाभरासाठी घरी येऊन, घरूनच काम करत होती. आजोबांनी काय करून ठेवलं ते ऐकून तिनं आधी डोक्याला हात लावला आणि मग लॅपटॉप उघडला.

"आबा, नीट ऐका. मूळ खेळ जुना आहे. त्याला या महिन्यात एक नवा भाग जोडला गेला, एक्स्पान्शन म्हणतात. तुम्हाला त्यातच खेळायचंय."

"म्हंजे आपल्या वावराले लागून तुकडा घेतल्यावानी."

"तसंच. या तुकड्यात मध्ये समुद्र आहे, भूमध्य समुद्र. वरच्या अंगाला रोम, खालच्या अंगाला कार्थेज. दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर."

उकंडरावनं पडद्यावर बोट फिरवलं. "हे तर धुऱ्याचं भांडण हाये. फक्त धुऱ्यावर पाणी साचेल हाये."

बांधाचं वैर म्हटल्यावर यापुढं इतिहास समजावायची गरज पडली नाही. रोम चंपतरावनं आधीच धरलं होतं. कार्थेजकडे काय आहे असं उकंडरावनं विचारलं.

"हत्ती. सदतीस."

"घे."

"पण आबा, यांचा सेनापती एका डोळ्यानं आंधळा आहे."

"असू दे. दोन डोळे असून चंपत्याले कोणतं दिसते?"

पाच दिवस दुपारी दोघं ओसरीवर बसले. एक डाव म्हणजे एक महिना, हे उकंडरावला चटकन कळलं. चटकन न कळलेली गोष्ट म्हणजे लढाई. पहिल्या दिवशी त्यानं आठ महिने नुसता गहू पेरला, सोंगला, कोठारात भरला. हत्तींना पाण्यावर नेलं.

"आबा, शिपाई तयार करा ना!"

"खातीन काय ते? हवा?"

दुसऱ्या दिवशी निकितानं फौज डोंगर चढवून पलीकडं नेताना रस्ता दाखवला. उकंडरावनं महिना विचारला. डिसेंबर.

"बरफात जनावर घालते? कोणं शिकवलं तुले?"

"खऱ्या इतिहासात असेच गेले होते. बरेच हत्ती थंडीनं मेले."

"मरतीनच. सांगाले घरी कोणी मोठं नसन त्यायच्या."

कस्तुराबाई ज्वारी निवडता निवडता ऐकत होती. ती म्हणाली, "एवढी हत्तीची काळजी! मले ताप आलता तवा विचारलं काय पाण्याचं?"

"तू काय सदतीस हायेस काय?" उकंडराव म्हणाला, आणि त्या रात्री त्याला शिळी भाकर मिळाली.

सामना रविवारी दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात. रूपाताईंनी अट घातली, लपवाछपवी नको. दोन्ही लॅपटॉपचं चित्र शेजारी शेजारी भिंतीवर दिसलं पाहिजे. प्रोजेक्टर दोन आले, एक शाळेचा, एक भजनी मंडळाचा. बाया एकीकडं, गडी एकीकडं, आणि मध्ये दोन टेबलं. चंपतराव फेटा बांधून आला होता. त्याची बायको पंचफुला मागं बसून सगळ्यांना सांगत होती, "फेटा घरीच ठेवा म्हटलं मी. हरले म्हंजे तोंड तरी लपवता येते टोपीत."

खेळ सुरू झाला. पहिला तासभर लोकांना काही मजा आली नाही. चंपतराव जहाजं बांधत होता, शिपायांच्या पलटणी उभ्या करत होता, दर पलटणीला पवनच्या पाठीवर थाप मारत होता. उकंडराव पेरणी करत होता.

"काय राजे," चंपतराव ओरडला, "लढाले आले का रोजंदारीनं?"

"तुह्या घरी येऊन राह्यलो. रिकाम्या पोटी येऊ काय?"

हिवाळा त्यानं डोंगराच्या अलीकडं काढला. हत्ती धष्टपुष्ट झाले. बर्फ वितळल्यावर फौज डोंगर ओलांडून गेली आणि सदतीसच्या सदतीस हत्ती पलीकडं उतरले. इतिहास वाचलेली निकिता तोंडात बोट घालून बसली. पुढं वाटेत रोमच्या दोन तुकड्या आडव्या आल्या. हत्ती पाहिले आणि आल्या वाटेनं परतल्या. चंपतरावच्या मागं बसलेली माणसं हळूहळू खुर्च्या उकंडरावकडं सरकवायला लागली. मतदारच ते.

पण पवन कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं काकाला सांगितलं, आता मैदानात जायचंच नाही. रोमची वेस बंद. आत धान्य मुबलक, भिंती उंच. दक्षिणेकडून मदतीची मोठी फौज जहाजांनी निघाली होती. ती चार डावांत पोचणार. तोवर गुपचूप बसायचं.

आणि चंपतराव खरोखर गुपचूप बसला. गावाला याचंच जास्त नवल वाटलं.

उकंडरावची फौज वेशीबाहेर पोचली. भिंतीवर चित्र मोठं झालं. रोमच्या चारही बाजूंनी पिवळाधम्मक गहू उभा होता, ओंब्या वाऱ्यावर डुलत होत्या. सभागृहात एकदम शांतता झाली. बाहेर सगळ्यांच्या वावरात सोयाबीन शेंगांवर होतं. उभं पीक पाहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो.

निकिता कानात म्हणाली, "आबा, आता एकच उपाय. हे लाल बटण. गहू पेटवून द्या. पीक जळताना पाहून रोमचे लोक ओरडतील, यांना बाहेर यावंच लागेल. नाही आले तर निदान त्यांचं धान्य घटेल."

"पेटवू?"

"हो."

"उभा गहू?"

"आबा, तो खोटा आहे."

उकंडरावनं चष्मा वर केला आणि ओंब्यांकडं नीट पाहिलं. "कोणं तरी पेरला ना? नांगरलं, पेरलं, राखलं. अन् मी काडी लावू? हात झडतीन माये."

"मग हराल. मदतीची फौज आली की आपण मधे सापडू. मान गेला."

उकंडरावनं चष्मा खाली घेतला. कबऱ्या डोळ्यापुढं आला, रांगेत पुन्हा कोणाच्या तरी शेपटामागं उभा असलेला, चघळणं विसरलेला. बोट लाल बटणाच्या दिशेनं थोडं गेलं. मागून कस्तुराबाईचा आवाज आला, "खबरदार! पीक जाळून आणलेल्या मानावर मी पोळी लाटणार नाई."

बोट मागं आलं.

"निके, हे विळ्याचं चित्र कायचं हाये?"

"ते सोंगणीचं. शिपायांना कापणीला लावायचं. पण आबा, ते कोणी वापरत नाही! तीन महिने जातात. अर्धी फौज विळा घेऊन वावरात पसरते, वेढा ढिला पडतो."

"पीक तयार हाये. उभं सोडून कसं चालीन? झडून जाईन ना ते. दाब."

"आबा..."

"दाब म्हणतो ना. अन् हत्तीले गव्हात सोडू नको. सोडले तर सोंगाले काय राहीन? धुऱ्यावर ते झाडं दिसते ना, तेथी सावलीत बांध."

पवननं ते पाहिलं आणि आनंदानं टेबलावर मूठ आपटली. "काका, संपला खेळ! यानं फौज गव्हात घातली. आपण फक्त बसायचं. तीन डाव!"

"बसलोच हाओ," चंपतराव म्हणाला.

पहिला डाव. वेशीपासून उगवतीच्या अंगाला गव्हाचा एक पट्टा कापला गेला. मागं नुसती धसकटं उरली. पेंढ्यांची रास उभी राहिली. चंपतरावनं फेटा नीट केला.

"चंपतराव," उकंडराव मोठ्यानं म्हणाला, "गहू दाणेदार हाये बरं तुमचा. मेहनत दिसते."

"गप बस."

"पोळ्या मऊ होतीन."

बाया हसल्या. पंचफुला सगळ्यांत मोठ्यानं हसली. चंपतराव खुर्चीत या बाजूचा त्या बाजूला झाला.

दुसरा डाव. मावळतीकडचं सगळं वावर साफ. आता तीन गंज्या. उकंडरावच्या कोठारातला आकडा वर चढत होता आणि प्रत्येक वेळी लॅपटॉप टिंग असा आवाज करत होता. चंपतरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"काका, पाहू नका तिकडं," पवन म्हणाला. "पाणी प्या."

"पाहून नाई राह्यलो मी."

"अजून एकच डाव. फौज समुद्रात आहे."

"चंपतराव," उकंडराव पुन्हा म्हणाला, आणि यात त्याचा काहीच डाव नव्हता, शेतकऱ्यानं शेतकऱ्याला सांगावं तसं तो सांगत होता, "वेशीपाशी थोडा लोळला हाये गहू. खालून कापा लागीन. तुमी पाणी जास्त देल्लं."

झालं. सगळं सोसलं असतं चंपतरावनं. आग सोसली असती. आग लागली तर माणूस पाण्याला पळतो, नशिबाला शिव्या देतो, पंचनामा मागतो. पण परक्यानं आपल्या वावरात उभं राहून, आपलाच गहू कापत, वर आपल्यालाच पाणी द्यायला शिकवावं?

त्यानं पवनच्या हातातला माउस हिसकावला. "उघड वेस!"

"काका, नको!"

"माह्या डोळ्यादेखत माहा गहू नेते, अन् मी घरात बसू? भोकात गेली ती तुही जहाजं!"

वेस उघडली. रोमचे तीन हजार घोडेस्वार बाहेर पडले. सभागृहातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. उकंडरावची माणसं विळे घेऊन वावरात विखुरलेली. सरळ घोडे घातले असते तर पाच मिनिटांत कार्थेजचा निकाल लागला असता. निकितानं लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

"सरळ घाला काका, सरळ!" पवन ओरडला. "मधून!"

"गव्हातून?"

"हो, गव्हातून!"

"तेवढाच राह्यला हाये उभा, अन् त्याच्यावर घोडे घालू? बाप तुहा माहाच भाऊ हाये, पण तू शेतकऱ्याच्या पोटचा वाटत नाई बे!"

आणि चंपतरावनं आपले घोडे धुऱ्यावरून, वावराच्या अरुंद बांधावरून घातले. धुरा तो धुराच. रोमचा असला म्हणून काय हमरस्ता होतो? तीन हजार घोडे एकामागं एक, वरातीसारखे, ओंबीलाही धक्का न लावता निघाले.

धुऱ्याच्या शेवटाला झाडं होती. झाडांखाली सदतीस हत्ती होते. दोन महिने सावलीत, खाऊनपिऊन.

निकितानं काय दाबलं ते उकंडरावला कळलंही नाही. भिंतीवर फक्त धूळ दिसली. पहिला घोडा बिथरून मागच्यावर गेला, मागचा त्याच्या मागच्यावर. पत्त्यांची रांग पडावी तशी रोमची फौज धुऱ्यावरून मागं वेशीत कोसळली, आणि तिच्या मागोमाग हत्ती आत गेले. मदतीची जहाजं अजून समुद्रातच होती.

रूपाताईंनी टेबलावर घागर वाजवावी तशी वही वाजवली. "उकंडरावची जोडी पुढं!"

गाव म्हणालं, काय डोकं! मुद्दाम सोंगणी लावली, मुद्दाम हत्ती धुऱ्यावर बांधले! उकंडरावनं यातलं काहीही मुद्दाम केलं नव्हतं. पण त्यानं गव्हाचा एक दाणा चावून पारख करणाऱ्या माणसासारखा चेहरा केला आणि तो दोन दिवस तसाच ठेवला.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण लागलं. कबऱ्याच्या अंगावर नवी झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग. सरदार त्याच्याशेजारी. पुढं कोणी नव्हतं, मोकळी वाट होती. कबऱ्यानं त्या मोकळ्या वाटेकडं पाहिलं आणि तो थांबला. पुढं शेपूट नाही म्हणजे जायचं कुठं, असा त्याला प्रश्न पडला असावा. उकंडरावनं त्याच्या मानेवर हात ठेवला.

"चाल रे. आता तूच पुढं."

मागून चंपतरावचा आवाज आला. पोळ्याला झडत्या म्हणायच्या, म्हणजे यमक जुळवून एकमेकांची उणीदुणी काढायची. त्या दिवशी राग धरायचा नसतो. चंपतरावनं दोन दिवस घरात कोंडून घेतलं होतं ते यासाठीच.

"चाक रे चाक, गाडीचं चाक,
रोम जिंकलं पण झालं नाई राख!
म्या पेरला, यानं सोंगला,
फुकटच्या गव्हानं बुढा रंगला!
हर बोला, हर हर महादेव!"

अख्खा आखर हसून लोळला. उकंडरावनं उलट झडती म्हणायला तोंड उघडलं, पण त्याला जुळणारं काहीच सुचेना. तोपर्यंत पोट्ट्यांनी ती झडती पाठ केली होती आणि तोरण तुटेपर्यंत सतरा वेळा म्हटली. कबऱ्या तेवढ्या वेळात तोरणाखालून सावकाश, कोणाची पर्वा न करता, पलीकडं गेला. पहिला.

त्यानंतर बैल घरोघरी न्यायचे. मानाची जोडी आधी, मग बाकीच्या. चौथं घर चंपतरावचं. पंचफुला ताट घेऊन बाहेर आली. तिनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, आणि पुरणपोळी आधी कबऱ्याच्या तोंडाशी धरली. चंपतराव दाराला टेकून उभा होता, फेट्याशिवाय.

"खा बाबा," तो कबऱ्याला म्हणाला. "तुह्या मालकाले दुसऱ्याचं खायची सवय हायेच. तू बी खा."

कबऱ्या खात राहिला, मध्ये थांबत, पुन्हा खात.

"उकंड्या, खरं सांग," चंपतराव जरा खाली आवाजात म्हणाला. "मी आतच बसलो असतो तर गहू पेटवला असता काय?"

"पागल हायेस काय?"

"मंग? फौज आल्यावर काय करणार होता?"

"पेंढ्या गाडीवर भरून घरी निघालो असतो."

"लढाई सोडून?"

"गहू हाती लागल्यावर लढाई कायची?"

चंपतरावनं पंचफुलाच्या ताटातली दुसरी पोळी उचलून कबऱ्याला दिली.

"पुढच्या साली कार्थेज मी घेणार," तो म्हणाला. "हत्ती मले."

"घे ना. पण सदतीस हायेत ते. घरात बोलू नको, नाई तर शिळी भाकर खाशीन."

पंचफुलानं मान वर केली. "काय बोलू नको घरात?"

"काई नाई," दोघंही एकदम म्हणाले, आणि उकंडरावनं बैल पाचव्या घराकडं वळवले.